दोन सेंटांची वही: अमेरिकेच्या यादवी युद्धातलं रेल्वेभाडं शीटवर मांडताना

मी निवृत्त गुड्स क्लार्क. माल तोलायचा, वर्ग ठरवायचा, अंतर बघायचं, भाडं लावायचं, आरआर (मालाची रेल्वे पावती) फाडायची, यातच नोकरी संपली. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा रेल्वेवेड्यांचा कट्टा भरतो. मार्चच्या कट्ट्यासाठी एक भिंतीवरचा तक्ता आणि सोबत चालणारं स्प्रेडशीट करायचं मी अंगावर घेतलं. विषय: १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात सैनिक आणि लष्करी माल नेण्याचं भाडं किती होतं, आणि त्यावरून सरकार आणि रेल्वे कंपन्या भांडल्या कशावर. शीटमध्ये माणसं, मैल, तारीख आणि कंपनी टाकली की बिल निघालं पाहिजे, एवढीच अपेक्षा. कुणी असंच काही आपल्या जीआयपीचं (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं) किंवा महायुद्धांचं करायला घेतलं, तर निदान माझ्या चुका पुन्हा करू नयेत म्हणून या नोंदी.

६ जानेवारी

आज फक्त कागद जमवले. अमेरिकन काँग्रेसचे त्या काळचे छापील अहवाल स्कॅन होऊन फुकट मिळतात, पण अक्षर मुंगीएवढं. पडद्यावर डोळे दुखायला लागले म्हणून ८५ पानं छापून आणली. १७० रुपये गेले, आणि त्यातली वीसेक पानं तोफा-बंदुकांच्या ठेक्यांची निघाली. आधी अनुक्रमणिका वाचायची, मग छापायचं, हे या वयात कळलं.

हाती लागलेला मूळ आकडा मात्र पक्का. १२ जुलै १८६१ ला युद्ध खात्याकडून टॉमस स्कॉट यांनी रेल्वेभाड्याचं परिपत्रक काढलं. सैनिकामागे मैलाला २ सेंट. म्हटलं, दोन सेंट गुणिले माणसं गुणिले मैल, संपलं काम. तक्ता पंधरा दिवसांत होईल असं कट्ट्यावर सांगूनही टाकलं.

९ जानेवारी

पहिलं शीट. चाचणीसाठी इलिनॉय सेंट्रलचा शिकागो ते केरो हा रस्ता घेतला, ३६५ मैल. (हे केरो मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या संगमावरचं, इजिप्तचं नव्हे.) एप्रिल १८६१ मध्ये इलिनॉयची पहिली पलटण याच मार्गाने खाली गेली, म्हणून हाच नमुना. १,००० माणसं धरली. उत्तर आलं शून्य.

अर्धा दिवस सूत्र तपासलं. सूत्र बरोबर होतं. मी आकडे मराठीत टाइप केले होते आणि आमच्या घरच्या प्रोग्रामने ते अक्षरं समजून बाजूला टाकले. नात म्हणाली, "आजोबा, टाइप इंग्रजी आकड्यांत करा, दिसायला मराठी ठेवा, तशी सोय असते." केलं. आता उत्तर आलं ७,३०,००० डॉलर. एका पलटणीचं! सेंटांचे डॉलर करायला विसरलो होतो. शंभराने भागल्यावर ७,३०० डॉलर. सूत्रात दोन न लिहिता ०.०२ लिहा आणि तो आकडा वेगळ्या घरात ठेवा, सूत्रात कोंबू नका. पुढे तो किती वेळा बदलावा लागतो ते येईलच.

१४ जानेवारी

पहिला खरा खड्डा. शीटमध्ये मी २ सेंट हा ठरलेला दर धरला होता. काँग्रेसने जुलै १८६१ मध्ये सरकारी ठेक्यांची चौकशी करायला समिती नेमली, अध्यक्ष न्यूयॉर्कचे प्रतिनिधी चार्ल्स व्हॅन विक. तिच्या कागदांत भांडण नेमकं याच शब्दावर आहे. स्कॉट यांचं म्हणणं असं की परिपत्रकातले दर ही वरची मर्यादा होती, याहून जास्त देऊ नका एवढंच क्वार्टरमास्टरांना (लष्कराचा पुरवठा आणि वाहतूक बघणाऱ्या अधिकाऱ्यांना) सांगायचं होतं. प्रत्यक्षात कंपन्यांनी तोच दर लावला आणि क्वार्टरमास्टरांनी तोच मुकाट्याने पास केला.

ज्याने गुड्समध्ये काम केलंय त्याला हे समजावून सांगायला नको. 'अधिकात अधिक' असं छापलेला आकडा काउंटरवर येईपर्यंत 'इतकेच' होतो. कमी लावला तर तपासणीत क्लार्कला जाब विचारतात, जास्तीत जास्त लावला तर कुणी विचारत नाही. माझ्या नावावर एकदा अशीच अंडरचार्जची डेबिट (कमी लावलेल्या भाड्याची वसुली) निघाली होती. तेव्हापासून मीही वरचाच आकडा लावायचो, खोटं कशाला बोलू?

समितीचा रोख असा होता: मोठा व्यापारी घाऊक माल देतो तेव्हा त्याला कंपन्या सूट देतात, आणि देशातलं सगळ्यात मोठं घाऊक गिऱ्हाईक असलेल्या सरकारला मात्र वरचा दर. त्यातच परिपत्रक काढणारे स्कॉट हे पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे उपाध्यक्ष. ऑगस्ट १८६१ मध्ये ते युद्ध खात्याचे सहायक सचिव झाले, तरी कंपनीतलं पद सुटलं नव्हतं. बिल देणाऱ्याच्या बाजूने दर ठरवणारा माणूस बिल घेणाऱ्याच्या पगारावर. यावर वेगळी मल्लिनाथी तक्त्यात केली नाही, दोन पदं शेजारी शेजारी लिहिली.

दुरुस्ती: आता दोन रकाने. 'कमाल दर' आणि 'कंपनीचा चालू दर'. शीट दोन्हींतला लहान आकडा उचलतं. प्रत्यक्षात काय घेतलं ते तिसऱ्या रकान्यात. फरक लाल अक्षरात. चालू दर बऱ्याच कंपन्यांचा मला मिळालेला नाही, ती घरं रिकामी सोडली. अंदाजाने भरली नाहीत.

१५ जानेवारी

लाइट गेले, शीट सेव्ह केलेलं नव्हतं. काल रात्रीचं सगळं पुन्हा.

२० जानेवारी

आज 'मैल' या रकान्याने दगा दिला. अंतर म्हणजे अंतर, त्यात भांडण कसलं, असं वाटत होतं. फिलाडेल्फियाहून बाल्टिमोरला जायला दोन वाटा. समुद्राच्या बाजूने विल्मिंग्टनवरून सरळ, साधारण ९८ मैल. किंवा आधी पश्चिमेला हॅरिसबर्गपर्यंत सुमारे १०६ मैल पेनसिल्व्हेनिया रेल्वेने, तिथून खाली बाल्टिमोरपर्यंत सुमारे ८४ मैल नॉर्दर्न सेंट्रलने, एकूण १९०. हजार माणसांचं बिल सरळ वाटेने १,९६० डॉलर, वळशाने ३,८००. दर दोन्हीकडे तोच, मैलाला दोन सेंट.

आता ही नावं बघा. नॉर्दर्न सेंट्रलमध्ये युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांचा आर्थिक हितसंबंध होता. पेनसिल्व्हेनिया रेल्वेत स्कॉट. सरळ वाटेवाली कंपनी तक्रार करत राहिली की आमच्या रुळांवरचे सैनिक वळवून तिकडे नेले जातायत. बाल्टिमोर अँड ओहायोचे अध्यक्ष जॉन गॅरेट यांचीही युद्ध खात्याबद्दल कुरकुर होतीच, त्यांची मुख्य लाइन तर हार्पर्स फेरीपाशी दक्षिणेच्या, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या राज्यांच्या, फौजांनी तोडली होती.

पण मी घाई केली आणि एप्रिल-मे १८६१ च्या ओळींनाही 'वळसा' असा लाल शेरा मारून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचताना लक्षात आलं. १९ एप्रिलला बाल्टिमोरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सहाव्या रेजिमेंटवर जमावाने हल्ला केला. तिथे एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात सलग गाडी जात नव्हती, डबे सोडवून घोडे जुंपून भर रस्त्यातून ओढत न्यावे लागत, आणि तिथेच गाठलं. त्यानंतर शहराच्या उत्तरेचे दोन्ही वाटांवरचे रेल्वेपूल जाळले गेले. म्हणजे त्या काही आठवड्यांत ना सरळ वाट होती, ना वळशाची. सैनिक पेरीव्हिलपर्यंत रेल्वेने, तिथून बोटीने ॲनापोलिसला आणि मग वॉशिंग्टनला असे गेले. माझा लाल शेरा साफ चुकीचा. पुसला. भांडण पूल पुन्हा उभे राहिल्यानंतरचं आहे.

शिकलो ते असं: मैलाच्या रकान्याशेजारी 'त्या दिवशी वाट उघडी होती का' हा रकाना हवाच. दीड दिवस गेला.

२६ जानेवारी

कॅमेरॉन जानेवारी १८६२ मध्ये गेले, एडविन स्टँटन आले. ३१ जानेवारीला काँग्रेसने कायदा केला की गरज पडेल तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेल्वे आणि तारायंत्रं ताब्यात घेऊ शकतात. फेब्रुवारीत स्टँटननी कंपन्यांच्या प्रतिनिधींना वॉशिंग्टनला बोलावलं. समोर टेबलावर नवा कायदा. अशा बैठकीत दर लवकर ठरतात. सैनिकाचे दोन सेंट कायम राहिले, त्यात माणशी ८० पौंड सामान फुकट. मालाला कंपनीच्या चालू टॅरिफवर (दरपत्रकावर) १० टक्के सूट.

शीटमध्ये तारखेप्रमाणे दर बदलणारी ओळ घातली, तेवढं सहज झालं. सामानाने मात्र छळलं. हजार माणसं गुणिले ८० म्हणजे ८०,००० पौंड. याचे टन मी २,२४० ने भागून काढले, कारण लहानपणापासून डोक्यात इंग्रजी टन बसलेला. आले ३५.७. अमेरिकेत सर्वसाधारण माल २,००० पौंडांच्या टनाने मोजायचे, कोळशासारख्या मालाला तेवढा मोठा टन. म्हणजे ४० टन. त्या वेळचा डबा साधारण दहा टनांचा धरला तर चार डबे भरून सामान, आणि त्याचं भाडं शून्य. दोन सेंटांचा दर बदलला नाही, पण त्याच्या पोटात चार डबे शिरले. कंपनीवाल्यांना हे बैठकीतून उठताना कळलं असेल की नंतर, कोण जाणे.

टनाचा रकाना करणार असाल तर वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: कुठला टन.

३ फेब्रुवारी

आठवडाभर काम बंद. बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून पुढचं वाचलं आणि घोळ वाढवून घरी आलो.

८ फेब्रुवारी

घोळ असा. माझा पहिला नमुना, शिकागो–केरो, ७,३०० डॉलर. आजवर मी तोच सगळ्यांना दाखवत होतो. आणि नेमका तोच चूक निघाला.

इलिनॉय सेंट्रलला सरकारने १८५० च्या कायद्याने जमीन दिली होती, पंचवीस लाख एकरांच्या वर. बदल्यात अट: ही रेल्वे सरकारसाठी सार्वजनिक रस्ता राहील, आणि सरकारी मालमत्तेच्या आणि सैनिकांच्या वाहतुकीवर टोल किंवा दुसरा आकार पडणार नाही. युद्ध पेटल्यावर सरकारने हा कागद पुढे केला. टोल नाही, आकार नाही, म्हणजे फुकट. कंपनीचे अध्यक्ष विल्यम ऑस्बर्न आणि मंडळी म्हणाली, रूळ वापरायला फुकट, आमची इंजिनं, डबे, कोळसा-लाकूड आणि माणसं फुकट नाहीत.

ऑगस्ट १८६१ मध्ये युद्ध खात्याने मधला मार्ग काढला. क्वार्टरमास्टर जनरल माँट्गोमेरी मेग्ज यांच्याकडून जमीन घेतलेल्या कंपन्यांना नेहमीच्या दरातून एक तृतीयांश कापून पैसे द्यायचं ठरलं. तो एक तृतीयांश म्हणजे रुळांचा हिस्सा. माझं बिल झालं ४,८६६ डॉलर ६७ सेंट.

मी उत्साहात ही कपात सगळ्या कंपन्यांना लावून टाकली. बाल्टिमोर अँड ओहायोचं बिलही तिसऱ्या हिश्शाने खाली. त्यांना अशी जमीन मिळालेलीच नव्हती! पुन्हा सगळं मागे. आता 'जमीन घेतली: होय/नाही' असा रकाना आहे आणि तो रिकामा असेल तर शीट बिलच काढत नाही, ओरडतं. हा अडथळा मुद्दाम ठेवलाय.

जाता जाता एक गंमत. राष्ट्राध्यक्ष लिंकन वकिली करत होते तेव्हा याच कंपनीचे वकील. करमाफीचा एक मोठा खटला जिंकून दिल्यावर त्यांनी ५,००० डॉलर मागितले, कंपनीने दिले नाहीत, तर १८५७ मध्ये त्यांनी आपल्याच अशिलावर दावा लावून वसूल केले. युद्धात उत्तरेच्या फौजा सांभाळणारे जनरल मॅक्लेलन याच कंपनीचे आधी मुख्य अभियंता आणि उपाध्यक्ष. या कंपनीशी बिलावरून कसं बोलावं, हे वॉशिंग्टनमध्ये अगदीच अनोळखी नव्हतं.

११ फेब्रुवारी

'टोल' या शब्दावर कट्ट्यातले तिघं अडले. "आकार पडणार नाही असं स्पष्ट लिहिलंय, मग एक तृतीयांशच का? सगळंच माफ!" मीही गप्प झालो.

उत्तर मिळालं ते युद्ध संपून दहा-अकरा वर्षं झाल्यावरच्या निकालात. लेक सुपीरियर अँड मिसिसिपी रेल्वे विरुद्ध अमेरिका, सुप्रीम कोर्ट, १८७६, निकाल न्यायमूर्ती ब्रॅडली यांचा. त्यांनी जुन्या काळातली कल्पना पुढे ठेवली: सुरुवातीला रेल्वेकडे लोक रस्त्यासारखं बघत. ज्याला हवं त्याने आपली गाडी आणावी, रुळांवर घालावी, टोल भरावा. कायद्यातली माफी त्या टोलची. दुसऱ्याच्या इंजिन-डब्यांची नाही.

मी तक्त्यावर सरळ आपलंच उदाहरण घातलं. टोलनाक्यावर ज्याला माफी आहे त्याने आपली जीप फुकट न्यावी. म्हणून त्याला एसटीचं तिकीट फुकट मिळत नाही. तिघंही लगेच मानले. उलट आपल्या जीआयपीच्या १८४९ च्या करारात सरकारी टपाल फुकट न्यायचं असं होतं. तिथे न्यायचंच काम फुकट, त्यामुळे वादाला जागा कमी.

पण मग रुळांचा हिस्सा नक्की किती? युद्धात एक तृतीयांश धरला होता, निकालानंतर कोर्ट ऑफ क्लेम्सने (सरकारवरचे दावे ऐकणाऱ्या कोर्टाने) निम्मा धरला. त्याच पलटणीची आता चार बिलं: ७,३००, ४,८६६.६७, ३,६५० आणि सरकारच्या पहिल्या म्हणण्याप्रमाणे ०. चारही तक्त्यावर एकाखाली एक लिहिली. मला विचाराल तर या सगळ्या कामात तेवढा एकच चौकोन बघण्यासारखा झालाय. आणि ही निम्मी कपात किती टिकली? लष्करी वाहतुकीपुरती थेट दुसरं महायुद्ध संपेपर्यंत. डिसेंबर १८४५ असं मी आधी टाइप केलं होतं, ते १९४५. कायदा तेव्हा झाला, कपात उठली १ ऑक्टोबर १९४६ पासून.

१७ फेब्रुवारी

दक्षिणेची बाजू. २६ एप्रिल १८६१ ला माँट्गोमेरीत दक्षिणेतल्या रेल्वे कंपन्यांची बैठक झाली. सैनिकाला मैलाला २ सेंट, लष्करी मालाला स्थानिक दराच्या निम्मं, आणि रोकड नसेल तर कॉन्फेडरेट (म्हणजे दक्षिणेच्या) सरकारचे रोखे दर्शनी किमतीला घ्यायचे. शत्रू एकमेकांचे, पण सैनिकाचा दर सारखाच. मी खूश. उत्तर-दक्षिण एकाच सूत्रात बसले.

बसले नाहीत. १८६४ चं बिल काढलं तेव्हा दक्षिणेचा आकडा उत्तरेच्या बरोबरीचा दिसत होता. जानेवारी १८६४ च्या आसपास सोन्याच्या एका डॉलरला वीसेक कॉन्फेडरेट कागदी डॉलर पडत. म्हणजे जुन्या दराने दोन सेंटांची खरी किंमत सेंटाचा दहावा भाग. कंपन्यांनी दर वाढवून घेतले, पण नोटा त्यांच्या कितीतरी पुढे पळत होत्या. वहीत नफा दिसतोय आणि रूळ झिजतायत अशी अवस्था, कारण युद्धाच्या काळात दक्षिणेत नवे रूळ जवळजवळ तयारच झाले नाहीत. रिचमंडच्या (म्हणजे दक्षिणेच्या) सरकारने रेल्वे सांभाळायला विल्यम वॅडली आणि नंतर फ्रेडरिक सिम्स यांना बसवलं, अधिकार मात्र तोकडे. अटलांटा ते चॅटनूगा ही वेस्टर्न अँड अटलांटिक तर जॉर्जिया राज्याच्याच मालकीची. तिथे गव्हर्नर जोसेफ ब्राउन डब्यांवरून थेट रिचमंडशी वाद घालायचे.

उत्तरेतही कागदी नोटा होत्या. जुलै १८६४ मध्ये सोन्याच्या डॉलरला पावणेतीनच्या वर ग्रीनबॅक (उत्तरेचे कागदी डॉलर) मोजावे लागले. दोन सेंट म्हणजे तेव्हा सोन्यात सेंटापेक्षा कमी. त्यातही सरकार अनेकदा रोख न देता वर्षभराचं कर्जपत्र हातात ठेवायचं, ते बाजारात विकायला गेलं की बट्टा.

'पैसा कुठला' हा रकाना पहिल्या दिवशीच करायला हवा होता. आता तो मध्ये घुसवताना सगळी सूत्रं एका घराने सरकली आणि केरोच्या पलटणीत माणसं ३६५ आणि मैल १,००० झाले. गुणाकार तोच, त्यामुळे तीन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. कपातीचा रकाना मैलाकडे बघायला लागला तेव्हा कळलं.

(याच युद्धामुळे दक्षिणेचा कापूस अडकला आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. भोर घाट १८६३ मध्ये खुला झाला तो याच धामधुमीत. कट्ट्यावर यावरच तास गेला, माझं काम तसंच राहिलं.)

२४ फेब्रुवारी

मोठा नमुना घ्यायचं ठरवलं. सप्टेंबर १८६३. चिकमॉगाला उत्तरेचा पराभव झाल्यावर व्हर्जिनियातून अकरावी आणि बारावी कोअर (सैन्याचे दोन मोठे विभाग), वीस हजारांवर माणसं, सुमारे १,२०० मैल लांब अलाबामातल्या ब्रिजपोर्टला रेल्वेने हलवली, बाराएक दिवसांत. बाल्टिमोर अँड ओहायोकडून गॅरेट, लुईव्हिलला पुन्हा आपले स्कॉट. वाटेत ओहायो नदीवर होड्यांचा पूल, गेज (दोन रुळांमधलं अंतर) बदलतं तिथे गाड्या बदलायच्या, लुईव्हिलपासून पुढे पाच फुटी रूळ.

शीटने सांगितलं: २०,००० × १,२०० × ०.०२ = ४,८०,००० डॉलर. आकडा गोल आणि देखणा, मी लगेच तक्त्याच्या मधोमध टाकला.

रात्री झोपताना डोक्यात आलं, व्हर्जिनियातला पहिला तुकडा आणि नॅशव्हिलपासून ब्रिजपोर्टपर्यंतचे सव्वाशेएक मैल कुणाचे होते? तिथे कंपन्या नव्हत्याच. लष्कराची स्वतःची रेल्वे होती, डॅनियल मॅकॅलम यांच्या हाताखालची. युद्ध संपेपर्यंत तिच्याकडे २,१०५ मैल लाइन, ४१९ इंजिनं आणि ६,३३० डबे झाले. सरकार स्वतःच्या डब्यातून स्वतःचे सैनिक नेतंय आणि मी सरकारला बिल पाठवतोय! असे दोनशेएक मैल वजा करून हजार मैल धरले तर चार लाख डॉलर. ऐंशी हजारांची चूक. तक्त्यावर 'कच्चा अंदाज, खरं बिल नव्हे' असं स्पष्ट लिहिलं, आणि तक्त्याच्या मधोमध तो आकडा ठेवलाच नाही.

१ मार्च

फ्लेक्स छापून आला. ५४० रुपये. जागा वाचवायला मी 'प्रति मैल प्रति सैनिक २ सें.' असं लिहिलं होतं. छपाईवाल्याच्या पोराने 'सें.' ला जागा आहे म्हणून पूर्ण रूप दिलं: '२ सेंटिमीटर'. सहा ठिकाणी. चूक माझी, प्रूफ मी मोबाइलवर पाहून अंगठा दाखवला होता. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून दुरुस्त केलं. लांबून दिसत नाही, जवळून दिसतं.

५ मार्च

कट्टा झाला. बावीस लोक. सगळ्यात जास्त प्रश्न तक्त्यात नसलेल्या गोष्टीवर आले, मालाच्या वर्गावर, म्हणजे कुठला माल कुठल्या दरात बसतो यावर. निवृत्त मंडळीच जास्त, त्यांना भाड्यापेक्षा वर्गाचं भांडण प्रिय. म्हणून त्यांना पुढच्या शतकातला एक खटला तोंडी सांगितला. अमेरिकन लष्कराने नापाम भरलेले पोलादी बॉम्ब पश्चिम किनाऱ्याकडे रेल्वेने पाठवले. आत जेलीसारखं घट्ट पेट्रोल, पण स्फोटक आणि फ्यूज बसवलेले नव्हते. कंपन्या म्हणाल्या, हा आगलावा बॉम्ब, महाग दर. सरकार म्हणालं, फ्यूज नाही तर बॉम्ब कसला, हे पिंपात भरलेलं पेट्रोल, स्वस्त दर. १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टॅरिफचा असा अर्थ लावणं हे आधी आंतरराज्य वाणिज्य आयोगाचं, म्हणजे रेल्वेदरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाचं काम.

एक जुने पार्सल बाबू उठून म्हणाले, "वात काढलेला सुतळी बॉम्ब कुणी माझ्याकडे सुतळी म्हणून बुक करायला आणला असता, तर मी घेतला नसता." दुसरे म्हणाले, मी घेतला असता, पण जोखीम पाठवणाऱ्याची असं लिहून घेऊन. यावर चहा थंड होईपर्यंत चाललं.

९ मार्च

हिशोब. छपाई १७० अधिक ५४०, चिकटपट्टी आणि कागद ६०, एकूण ७७०. वेळ: पंधरा दिवस म्हणालो होतो, दोन महिने लागले. त्यातले निदान नऊ दिवस चुका निस्तरण्यात.

शीट आता चालतं. पुन्हा करायचं झालं तर सूत्राला शेवटी हात लावीन. आधी कोरे रकाने आखीन: दर कमाल की ठरलेला, वाट त्या दिवशी उघडी होती का, टन कुठला, जमीन घेतली होती का, डबा कुणाचा, पैसा कुठला. सैनिकांचा भाग पूर्ण. मालाचा अर्धा. घोडे आणि खेचरांची ओळ मोकळी आहे, कारण जनावर डोक्यागणिक लावायचं की डब्यागणिक, ते कंपनी-कंपनीत बदलतं आणि माझ्याकडे दोनच कंपन्यांचे टॅरिफ कागद आहेत. नात म्हणते सरासरी टाक. टाकणार नाही.